सेमूर क्रे : सुपरकॉम्प्युटर बनवणारा माणूस, आणि आजचे सर्व्हर नोड

१९७६ सालचा क्रे-१ हा त्यावेळचा सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर. वजन ५ टनांच्या वर आणि मेमरी फक्त ८ एमबी! तो बनवला सेमूर क्रे यांनी. मी सर्व्हरवर काम करतो, आणि क्लस्टरसाठी हार्डवेअर निवडायचं असलं की मला हाच माणूस आठवतो.

क्रे यांचा जन्म १९२५ चा, अमेरिकेतल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावात. महायुद्धात रेडिओ ऑपरेटर, मग मिनेसोटा विद्यापीठात इंजिनिअरिंग. कंट्रोल डेटा कंपनीत असताना, १९६४ मध्ये, त्यांच्या छोट्याशा टीमने सीडीसी ६६०० आणला आणि आयबीएमला मागे टाकलं. या मशीनमध्ये इनपुट-आउटपुटची कटकट मुख्य प्रोसेसरकडे नव्हतीच, त्यासाठी १० वेगळे छोटे प्रोसेसर होते.

हायपरकन्व्हर्ज्ड क्लस्टरमध्ये नेमकं उलटं असतं. प्रत्येक डब्यात प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं एकत्र, आणि सॉफ्टवेअर या सगळ्या डब्यांच्या डिस्क जोडून एक स्टोरेज बनवतं. हे सॉफ्टवेअर प्रत्येक नोडचे थोडे कोअर आणि रॅम खातं. म्हणून हिशोब करताना आधी ते वजा करायचं, मग आपल्या कामाला काय उरतं ते बघायचं.

क्रे-१ चा आकार इंग्रजी सी अक्षरासारखा होता, तो दिसायला भारी म्हणून नाही. वायर लहान राहिल्या की सिग्नल लवकर पोचतो. आपल्याकडे प्रत्येक राइटची कॉपी नेटवर्कवरून दुसऱ्या नोडवर जाते, त्यामुळे महागडा प्रोसेसर आणि १ गिगाबिटचं कार्ड ही जोडी म्हणजे पैसे पाण्यात. मी तरी २५ गिगाबिट घेईन, प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल.

पहिल्या क्रे-१ ला मेमरीतली चूक कळायची, पण दुरुस्त करता यायची नाही. लॉस अलामॉसला हा त्रास दिसला आणि पुढच्या मशीनमध्ये दुरुस्तीची सोय आली. आज तेच काम ईसीसी रॅम करते. नोडमध्ये ती नसेल तर तो नोड घेऊच नका.

एका मुद्द्यावर मात्र क्रे अडून बसले : मोजके पण तगडे प्रोसेसर हवेत, किरकोळ प्रोसेसरची गर्दी नको. अमेरिकेच्या निर्यातबंधनांमुळे भारताला क्रे सहज मिळत नव्हता, तेव्हा पुण्यात सी-डॅकने तीच गर्दी जमवली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. क्लस्टरला हे गणित जास्त लागू पडतं. ४ मोठ्या नोडपैकी १ बंद पडला तर २५ टक्के ताकद जाते, ८ छोट्यांपैकी १ गेला तर साडेबाराच. अर्थात ८ नोड म्हणजे जागा, वीज आणि लायसन्सचा खर्चही वाढतो.

१९९५ मध्ये क्रे यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. १९९६ मध्ये, सत्तरीत, त्यांनी नवी कंपनी काढली आणि यावेळी खूप प्रोसेसरवालं मशीन करायला घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि ५ ऑक्टोबरला ते गेले.