सदऱ्यापासून बंदुकीपर्यंत
(एस. वाय. बी. ए.)

बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शिपाई उभा राहतो, फार तर शिकारी. शिंपी काही उभा राहत नाही. परंतु ज्याच्या नावाची रायफल जगभर गाजली, तो ऑलिव्हर फिशर विंचेस्टर हा अमेरिकन गृहस्थ मूळचा सदऱ्यांचा कारखानदार होता. माझे वडील शिवणकाम करतात आणि घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे हे चरित्र वाचताना बंदुकीच्या आधी सदऱ्यानेच माझे लक्ष वेधून घेतले, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

ऑलिव्हरचा जन्म ३० नोव्हेंबर १८१० रोजी बोस्टन येथे झाला. तो तान्हा असतानाच वडील वारले. लहानपणापासून त्याला शेतावर राबावे लागले. शाळा मिळाली ती हिवाळ्यात, शेतीची कामे थंडावली म्हणजे तेवढीच. पुढे तो सुताराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. विशीत त्याने बाल्टिमोर शहर गाठले, काही काळ इमारती बांधण्याची कामे केली आणि मग पुरुषांच्या कपड्यांचे दुकान थाटले. १८३४ मध्ये जेन एलन होप या तरुणीशी त्याचा विवाह झाला.

दुकानात बसून त्याने एक गोष्ट हेरली. त्या काळचे सदरे अशा रीतीने बेतलेले असत, की सगळा ओढा गळपट्टीवर येई आणि माणसाची मान काचे. विंचेस्टरने खांद्याच्या गोलाईला धरून वक्र शिवण घेतली. त्यामुळे सदरा मानेला न लटकता खांद्यावर बसू लागला. १८४८ मध्ये त्याला या बेतणीचे पेटंट मिळाले. ही हकिकत मी वडिलांना सांगितली, तेव्हा त्यांनी हातातले कापड बाजूला ठेवले, मला पाठमोरे उभे केले आणि ती शिवण कोठून गेली असेल ते माझ्याच खांद्यावर बोटाने काढून दाखवले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे, सातासमुद्रापलीकडचे पेटंट त्यांना एका क्षणात उमगले होते.

पेटंटाच्या जोरावर विंचेस्टर कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात आला आणि जॉन डेव्हिस याच्या भागीदारीत त्याने सदऱ्यांचा मोठा कारखाना काढला. शिवणयंत्रे बाजारात येताच त्याने ती वापरात आणली. पैसा हाती खेळू लागला आणि हा पैसा कोठे गुंतवावा असा प्रश्न पडला.

येथे वॉल्टर हंट या कारागिराची ओळख करून देणे भाग आहे. या माणसाने १८३४ च्या सुमारास शिवणयंत्र तयार केले होते, परंतु त्याचे पेटंट घेतले नाही. हाताने शिवणाऱ्या गरीब बायकांची रोजी बुडेल, ही भीती त्यामागे होती असे सांगतात. आपण रोज वापरतो ती सेफ्टी पिनही त्याचीच. याच हंटने १८४९ मध्ये एकामागून एक बार काढणाऱ्या बंदुकीचे पेटंट घेतले. बंदूक नाजूक होती, चालली नाही. परंतु तिची कल्पना हातोहात फिरत होरेस स्मिथ व डॅनियल वेसन या दोघांपर्यंत पोचली आणि त्यांच्या कामातून १८५५ मध्ये व्होल्कॅनिक नावाची कंपनी उभी राहिली. तिचे भाग घेणाऱ्यांत विंचेस्टर होता. कंपनी लवकरच बुडाली. बाकीच्यांनी हात झटकले, विंचेस्टरने मात्र १८५७ मध्ये तिची मालमत्ता विकत घेऊन न्यू हेवन आर्म्स कंपनी सुरू केली. शिवणयंत्र जगात आले तर कोणाचे काय होईल, याचा विचार करणारा एक माणूस निदान कथेत तरी सापडतो. बंदुकीच्या बाबतीत तसा विचार कोणी केल्याचे मला कोठे आढळले नाही.

कंपनीचे दुखणे काडतुसात होते. गोळीच्या पोकळ बुडात दारू भरलेली असे, ती फारच थोडी मावे आणि बार दुबळा होई. कारखान्यातील कारागीर बेंजामिन टायलर हेन्री याने धातूच्या कवचाचे काडतूस व त्याला साजेशी रायफल तयार केली. १६ ऑक्टोबर १८६० रोजी तिला पेटंट मिळाले. नळीखाली दुसरी लांब नळी, तिच्यात ओळीने काडतुसे. चापाभोवतीचा दांडा खाली ओढून वर घेतला की रिकामे कवच बाहेर पडे, नवे काडतूस जागेवर येई आणि घोडाही चढे. साध्या बंदुकीत प्रत्येक बारानंतर दारू व गोळी ठासावी लागत असताना ही रायफल एका दमात १६ बार काढी.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध भडकले. सरकारने हेन्री रायफली घेतल्या त्या अवघ्या १,७३१. परंतु शिपाई स्वतःच्या खिशातून त्या घेऊ लागले. शिपायाचा महिन्याचा पगार १३ डॉलर आणि रायफलीची किंमत ४० डॉलरच्या घरात! तीन महिन्यांची कमाई माणूस का ओततो? जीव वाचावा म्हणून. आणि समोरच्याचा जीव जावा म्हणूनही. दोन्ही गोष्टी एकाच दांड्यात होत्या.

युद्ध संपता संपता कारखान्यात कलह माजला. आपल्याला पुरेसा मोबदला मिळाला नाही, ही सल हेन्रीच्या मनात होती. विंचेस्टर युरोपात गेला असताना कंपनी आपल्या ताब्यात यावी म्हणून त्याने राज्याच्या विधिमंडळाकडे धाव घेतली. विंचेस्टर तातडीने परतला आणि त्याने नवी कंपनी उभी करून जुनीचा कारभार तिच्यात ओढून घेतला. हेन्री बाहेर पडला आणि साधा बंदूक-कारागीर म्हणून राहून १८९८ मध्ये वारला.

नव्या कंपनीचे नाव विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनी आणि साल १८६६. त्याच वर्षी नेल्सन किंग या कारागिराने बाजूच्या झडपेतून काडतुसे भरण्याची सोय केली आणि पितळी झाक असलेली पहिली विंचेस्टर रायफल बाजारात आली. कल्पना हंटची, यंत्र हेन्रीचे, झडप किंगची. नाव मात्र मालकाचे. त्याच वर्षी विंचेस्टर कनेक्टिकटचा उपराज्यपाल झाला. आणि त्याच वर्षी त्याचा मुलगा विल्यम व सून सारा यांची एकुलती एक कन्या ॲनी जन्मली व सहा आठवडेही पुरे न करता गेली.

यानंतर रायफली देशोदेशी गेल्या. १८७७ मध्ये प्लेव्हना येथे तुर्की सैन्याने या रायफलींच्या माऱ्याने रशियन सैन्याची दाणादाण उडवली. खुद्द अमेरिकेत गोऱ्या वसाहतवाल्यांनी आदिवासींच्या भूमीवर पाऊल टाकले ते हीच रायफल घेऊन. परंतु लोखंड कोणाचे नसते. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या काठी लाकोटा व शायान योद्ध्यांपैकी अनेकांच्या हाती हेन्री व विंचेस्टर होत्या, तर जनरल कस्टरच्या घोडदळाकडे एकबारी बंदुका. कस्टर व त्याच्याबरोबरच्या पाच तुकड्या तेथे नष्ट झाल्या. पण ती भूमी शेवटी तिच्या मूळ मालकांकडे राहिली नाही. १८७३ च्या नमुन्याच्या रायफली सात लाखांहून अधिक खपल्या. हिवाळ्यापुरतीच शाळा मिळालेल्या या माणसाने येल विद्यापीठाला वेधशाळेसाठी जमीन दिली, तीही याच पैशातून.

डिसेंबर १८८० मध्ये विंचेस्टर वारला. तीनच महिन्यांनी, मार्च १८८१ मध्ये, विल्यम क्षयाने गेला. अफाट संपत्तीची धनीण झालेली सारा दूर कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ जाऊन राहिली आणि वर्षानुवर्षे आपले घर वाढवीत बसली. बंदुकीने मेलेल्यांची भुते तिला छळत होती, अशी आख्यायिका लोकांनी रचली. तिला पुरावा नाही. पुरावा आहे तो एवढाच, की साराने पतीच्या स्मरणार्थ क्षयरोग्यांच्या रुग्णालयासाठी मोठी रक्कम दिली आणि ते १९१८ मध्ये उघडले. १९२२ मध्ये तीही वारली. पहिल्या महायुद्धात वाढवलेला पसारा कंपनीला झेपला नाही. १९३१ मध्ये ती दुसऱ्यांच्या हाती गेली आणि २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद झाला. नाव मात्र आजही विकले जाते.

शाळेच्या पुस्तकांत आपण गरिबीतून वर आलेल्या थोरांची चरित्रे वाचली. चिकाटी, काटकसर, दूरदृष्टी हे त्यांचे सगळे गुण विंचेस्टरमध्ये होते. बुडालेली कंपनी उचलण्याचे धैर्यही होते. तरीही हे चरित्र धाकट्या भावाला आदर्श म्हणून सांगावे का, याचे उत्तर मला देता येत नाही. आम्हां पहिल्या पिढीच्या मुलांना वर कसे चढावे हे सगळे सांगतात. वर गेल्यावर हात कशाला लागतात, हे कोणी सांगत नाही.

सगळी हकिकत ऐकून झाल्यावर वडिलांनी विचारले, की त्या माणसाने सदऱ्यांचा धंदा पुढे का सोडला? मी म्हणालो, बंदुकीत पैसा जास्त होता. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कापड पुन्हा यंत्राखाली सरकवले आणि खांद्याची शिवण पुरी केली.