अंधारात गातंय कोण, गायिका की मशीन? आवाजवाल्या एडिसनची गोष्ट

स्पीकर किंवा इयरबड्स घ्यायला ऑनलाइन गेलात की एक दावा हमखास वाचायला मिळतो: आवाज असा, की गायक समोरच बसलाय! हा दावा काही आजचा नाही. शंभरेक वर्षांपूर्वी एका माणसाने भर थिएटरमध्ये खरी गायिका उभी करून, तिच्या शेजारी मशीन ठेवून तो केला होता. आणि हजारो लोकांना तो पटलाही होता.

तो माणूस म्हणजे थॉमस अल्वा एडिसन. बल्बवाला एडिसन आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आज मी सांगणार आहे तो आवाजवाला एडिसन. यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट म्हणजे या माणसाला स्वतःला धड ऐकू येत नव्हतं.

ट्रेनमध्ये पेपर विकणारा पोरगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मायलन गावचा. बारा वर्षांचा असताना तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या ट्रेनमध्ये पेपर आणि गोळ्या-चॉकलेट विकायचा. ऐकू कमी येणं सुरू झालं ते याच वयात. पुढे तो टेलिग्राफ ऑपरेटर झाला. तिथे बहिरेपणाचा त्याला उलट फायदाच झाला, कारण खोलीतला बाकीचा गोंगाट कानावर यायचाच नाही, फक्त समोरच्या यंत्राची टिकटिक ऐकू यायची. आज आपण ज्याला नॉइज कॅन्सलेशन म्हणतो, ते त्याला निसर्गानेच दिलं होतं म्हणा ना!

१८७६ मध्ये त्याने न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला प्रयोगशाळा उभारली. टेलिफोनवर काम करताना त्याने कार्बनचा वापर करून बोलण्याचा आवाज जास्त स्पष्ट आणि मोठा पाठवणारा ट्रान्समीटर बनवला. त्याच धामधुमीत त्याला सुचलं, की आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याला सुई जोडली तर ती थरथर कशावर तरी कोरता येईल.

पातळ पत्र्यावर कोरलेला आवाज

१८७७ च्या शेवटी त्याचा मेकॅनिक जॉन क्रूसी याने मशीन तयार केलं. एक हाताने फिरवायचा दंडगोल, त्यावर गुंडाळलेला कथिलाचा पातळ पत्रा, आणि एक सुई. एडिसनने मेरी आणि तिच्या कोकराचं बालगीत मोठ्याने म्हटलं, सुई परत सुरुवातीला आणली, दांडा फिरवला आणि मशीन बोललं. फोनोग्राफचं पेटंट त्याला फेब्रुवारी १८७८ मध्ये मिळालं.

पण मित्रांनो, पुढचं ऐका. एडिसनच्या डोक्यात हे मशीन सगळ्यात आधी ऑफिसच्या कामाचं होतं. साहेबाने पत्र बोलायचं आणि कारकुनाने ते ऐकून लिहायचं. म्हणजे आजची व्हॉइस नोटच! गाणी त्याच्या यादीत होती, पण पहिल्या नंबरवर नव्हती. मग तो विजेच्या दिव्यात गुंतला आणि जवळपास दहा वर्षं फोनोग्राफ बाजूला पडला. तोवर इतरांनी पत्र्याच्या जागी मेण आणलं, आणि १८८७ मध्ये एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीचा ग्रामोफोन आणला. कलकत्त्याला १९०२ मध्ये गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड झालं ते या तबकडीवर.

दातांनी ऐकणारा परीक्षक

एडिसन बरीच वर्षं दंडगोलालाच चिकटून राहिला. शेवटी १९१२ मध्ये त्यानेही तबकडी आणली, डायमंड डिस्क. साधारण पाव इंच जाड, आणि वाजवायला खरोखरच्या हिऱ्याची सुई. इतर बहुतेक कंपन्यांच्या तबकडीत सुई डावी-उजवीकडे हलायची, एडिसनच्या तबकडीत वर-खाली. त्यामुळे त्याची रेकॉर्ड दुसऱ्याच्या मशीनवर नीट वाजायची नाही. चार्जरची पिन वेगळी ठेवायची सवय किती जुनी आहे बघा!

कोणता गायक घ्यायचा हे बऱ्याचदा एडिसन स्वतः ठरवायचा. ऐकायचा कसा? मशीनच्या किंवा पियानोच्या लाकडाला दात लावून. कंपनं दातांतून, कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत जायची. आजचे बोन कंडक्शन हेडफोन याच तत्त्वावर चालतात. गाताना आवाज थरथरवलेला त्याला अजिबात आवडायचा नाही, आणि नावाजलेल्या कलाकाराला जास्त पैसे मोजणं तर त्याहून नाही. मोठमोठी नावं त्यामुळे बऱ्याचदा प्रतिस्पर्ध्याकडेच गेली.

डिसेंबर १९१४ मध्ये त्याच्या वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला भीषण आग लागली. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. तरी त्याने काम पुन्हा उभं केलं. आता ही महागडी मशीनं खपवायची होती आणि त्यासाठी काहीतरी जोरदार हवं होतं.

टोन टेस्ट: दिवे गेले, आवाज राहिला

१९१५ पासून कंपनीने गावोगावी टोन टेस्ट सुरू केल्या. थिएटर घ्यायचं, स्टेजवर मशीन ठेवायचं, शेजारी तीच गायिका उभी करायची जिची रेकॉर्ड लावलीय. ती गायची, मध्येच थांबायची, मशीन चालू राहायचं. मग दिवे मालवायचे. अंधारात गाणं चालूच. दिवे लागले की कळायचं, गायिका केव्हाच स्टेजवरून निघून गेलीय! १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा प्रयोग झाला, मेरी रॅपोल्ड या ऑपेरा गायिकेसोबत. लोक थक्क व्हायचे, पेपरात बातम्या यायच्या.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर एडिसनच्या जुन्या रेकॉर्डिंग ऐकायला मिळतात. मी त्या हेडफोन लावून ऐकल्या. खरखर आहे, आवाज डबीत कोंडल्यासारखा आहे. गायक समोर बसलाय असं एका सेकंदालाही वाटत नाही. त्या काळी रेकॉर्डिंगला मायक्रोफोन वापरत नसत, कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि नुसत्या हवेच्या धक्क्याने सुई हलायची. आपला कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो. या पद्धतीत मधलाच थोडा पट्टा पकडला जायचा. खालचा खर्ज आणि वरची चकाकी दोन्ही गायब.

मग लोक फसले कसे?

मला यात चार कारणं दिसतात.

पहिलं, गायिकाच मशीनसारखी गायची. अ‍ॅना केस या गायिकेने पुढे सांगितलं होतं, की ती आपला आवाज मशीनच्या आवाजाला जुळवून घ्यायची. म्हणजे मशीन माणसाची नक्कल करत नव्हतं, माणूस मशीनची करत होता!

दुसरं, निवड. बहुतेक वेळा एकच गळा किंवा एखादं वाद्य. मोठा वाद्यवृंद ठेवला असता तर मशीन तिथेच उघडं पडलं असतं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एडिसनच्या रेकॉर्डमध्ये खोलीचा घुमारा जवळजवळ नसायचा. तो घुमारा थिएटर देत होतं, गायिकेलाही आणि मशीनलाही. भिंती त्याच, छत तेच, म्हणून दोन्ही आवाज भावंडं वाटायचे. तीच रेकॉर्ड घरच्या छोट्या खोलीत नेली की थिएटर काही सोबत येत नाही.

चौथं, सवय. लोक रोज जी मशीनं ऐकत होते, त्यापेक्षा हे खूपच चांगलं होतं. त्यामुळे खरखर कानाआड करायला ते शिकले होते. आणि कार्यक्रम भरवायला पुढे कोण, तर मशीन विकणारे स्थानिक दुकानदारच!

वीज आली, खेळ संपला

१९२५ मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनी मायक्रोफोन आणि विजेवर चालणारं रेकॉर्डिंग घेतलं. खर्ज आला, वरचे सूर आले, आणि जे हुबेहूब वाटत होतं ते एका झटक्यात जुनाट वाटायला लागलं. टोन टेस्टही त्याच वर्षी थांबल्या. एडिसनने ही पद्धत घेतली ती थेट १९२७ मध्ये. ऑक्टोबर १९२९ ला त्याच्या कंपनीने रेकॉर्ड काढणंच बंद केलं. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी तो गेला. आवाज साठवून परत ऐकवणारं पहिलं मशीन ज्याने बनवलं, त्यालाच आवाजाच्या बाजारातून बाहेर पडावं लागलं.

आपण यातून काय घ्यायचं?

स्पीकर घेताना दुकानातला डेमो ही पण एक टोन टेस्टच असते. गाणं त्यांचं, खोली त्यांची, व्हॉल्यूम त्यांचा. म्हणून तीन गोष्टी करा.

१. गाणं तुमचं लावा, जे तुम्हाला पाठ आहे. एकट्या गळ्याचं एक आणि भरपूर वाद्यांचं एक.

२. दोन स्पीकरची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. थोडासा मोठा आवाजही कानाला चांगला वाटतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

३. मित्राला बदलाबदली करायला सांगा आणि तुम्ही पाठ फिरवून ऐका. ब्रँड दिसला की कान आधीच निकाल देतात.

आणि एक चौथी गोष्ट, जी दुकानात मिळत नाही. अधूनमधून माइकशिवायचं संगीत ऐका. आज बहुतेक लाइव्ह कार्यक्रमही मोठ्या स्पीकरमधूनच आपल्यापर्यंत येतात. खोलीत लावलेला तानपुरा, देवळातलं टाळ-मृदंगाचं भजन, मिरवणुकीतला ढोल जो छातीत वाजतो, हे खरे मापदंड. मिरवणुकीचा व्हिडिओ घरी येऊन फोनवर लावून बघा. ताशा येईल, ढोलाचा धक्का येणार नाही. इतक्या छोट्या स्पीकरला तेवढी हवा हलवताच येत नाही.

टोन टेस्टला बसलेले लोक काही मूर्ख नव्हते. त्यांच्या कानांना जेवढं माहीत होतं, तेवढ्यावर त्यांनी निकाल दिला. आपणही तेच करतो. फक्त इयरबड्सच ऐकत राहिलो, तर इयरबड्सच खरे वाटायला लागतील.