क्षितिज मोजणारा पंडित

समुद्रकिनारी अथवा उघड्या माळावर उभे राहून पाहिले असता दूरवर आकाश खाली टेकल्यासारखे भासते. त्या रेषेला क्षितिज म्हणतात. तिच्या दिशेने कितीही चालत गेले, तरी ती तितकीच पुढे सरकते. ही रेषा आहे तरी किती दूर, आणि ती तेथेच का दिसते? सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका पंडिताने या रेषेचा असा काही छडा लावला, की तिच्याच आधारे त्याने सबंध पृथ्वीचे माप काढले. त्या पंडिताचे नाव अबू रैहान अल्बेरूनी.

अल्बेरूनीचा जन्म इ. स. ९७३ मध्ये मध्य आशियातील ख्वारिज्म देशात, काथ नगराच्या परिसरात झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात मोडतो. तेथील राजकुळातील अबू नस्र मन्सूर हा थोर गणिती त्याला गुरू म्हणून लाभला. वयाच्या सतराव्या वर्षीच अल्बेरूनीने सूर्याची उंची मोजून काथचा अक्षांश निश्चित केला. पुढे सूर्याचे वेध अधिक अचूक घेता यावेत म्हणून त्याने पंधरा हात व्यासाचे मोठे वर्तुळ सिद्ध केले. परंतु त्याच वर्षी, म्हणजे ९९५ मध्ये, ख्वारिज्मच्या गादीसाठी युद्ध पेटले. वेधांचे काम अर्धेच राहिले आणि या तरुणाला जीव वाचविण्यासाठी घर सोडावे लागले.

संकटांमुळे त्याची जिज्ञासा मात्र मावळली नाही. ९९७ मध्ये झालेले चंद्रग्रहण त्याने काथ येथून पाहिले आणि त्याच रात्री बगदाद येथून अबुल वफा या ज्योतिर्विदाने पाहिले. दोघांच्या वेळांतील फरकावरून दोन्ही नगरांच्या रेखांशांतील अंतर काढण्यात आले.

पृथ्वी गोल आहे हे विद्वानांस ठाऊक होते. पण ती केवढी आहे? नवव्या शतकात खलिफा मामून याने या कामी ज्योतिर्विदांच्या तुकड्या वाळवंटात पाठविल्या होत्या. ध्रुवताऱ्याची उंची एक अंशाने बदलेपर्यंत त्यांनी सरळ उत्तर-दक्षिण वाट चालून ते अंतर मोजले होते. एवढा खर्च व एवढी माणसे अल्बेरूनीस कोठून मिळणार? कास्पियन समुद्राकडील दिहिस्तानच्या मैदानात त्याने तसा यत्न करून पाहिला. पण साहाय्याअभावी तो फसला.

१०१७ मध्ये गझनीच्या सुलतान महमुदाने ख्वारिज्म जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर अल्बेरूनीलाही गझनीस नेले. मायभूमी सुटली, इच्छेला येईल तेथे जाण्याची मुभाही राहिली नाही. पुढच्याच वर्षी काबूलजवळच्या जैफूर खेड्यात तो अत्यंत विपन्न अवस्थेत होता. सूर्याचा वेध घ्यावयाचा, तर हाताशी एकही यंत्र नव्हते. तेव्हा हिशेबाच्या पाटीच्या पाठीवर त्याने वर्तुळाचा कंस आखला, त्यावर अंश पाडले, ओळंबा लावला आणि आपले काम साधले.

महमुदाच्या स्वाऱ्यांमुळे हिंदुस्थानच्या वायव्य भागाची वाट त्याला खुली झाली. पंजाबातील मिठाच्या डोंगरांत नंदना नावाचा किल्ला आहे; आज तो पाकिस्तानात आहे. त्याच्या पायथ्याशी विस्तीर्ण सपाट मैदान पसरलेले होते. अल्बेरूनीस हवी होती ती जागा हीच! मैदानातील दोन ठिकाणांहून शिखराचे कोन मोजून त्याने डोंगराची उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग शिखरावर जाऊन त्याने क्षितिजाकडे नजर लावली. समपातळीहून ती रेषा किंचित खाली दिसत होती. तो उतार भरला अवघा ३४ कला, म्हणजे एका अंशाच्या निम्म्याहून थोडा अधिक.

पृथ्वी सपाट असती, तर असा ठळक उतार दिसलाच नसता. ती गोल असल्यामुळे नजरेची रेषा भूमीला एका ठिकाणी केवळ स्पर्श करून पुढे आकाशात निघून जाते. त्या स्पर्शबिंदूपलीकडची भूमी वक्र होऊन खाली गेलेली असते. म्हणून ती दिसत नाही. हा स्पर्शबिंदू, पाहणाऱ्याचा डोळा आणि पृथ्वीचे केंद्र मिळून एक काटकोन त्रिकोण होतो. उंची व कोन ठाऊक असल्याने अल्बेरूनीला त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढता आली. ती सुमारे १ कोटी २८ लक्ष हात आली.

आज ही त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर असल्याचे निश्चित झाले आहे. त्यावरून उलट हिशेब केला, तर क्षितिजाचे अंतरही निघते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरांवर असते. शंभर मीटर उंचीवरून ते सुमारे ३६ किलोमीटरांवर जाते. उंची चौपट झाली, की अंतर दुप्पट होते. हवेतून येताना प्रकाशकिरण किंचित वाकतात व क्षितिज थोडे अधिक दूर दिसते. हा सूक्ष्म फरक अल्बेरूनीच्या गणितात धरलेला नव्हता.

या यशाने तो फुशारला नाही. ही युक्ती आपल्या आधी सनद इब्न अली याने योजल्याचे त्याने मोकळेपणाने नमूद केले. आपले उत्तर मामूनच्या ज्योतिर्विदांच्या उत्तराशी जवळजवळ जुळते, हे पाहून तो समाधान पावला. आणि त्यांची साधने अधिक नाजूक होती म्हणून त्याने त्यांचाच आकडा ग्राह्य मानला.

हिंदुस्थानात त्याने संस्कृतचा अभ्यास केला आणि पंडितांकडून येथील शास्त्रे जाणून घेतली. १०३० च्या सुमारास त्याने या देशाविषयीचा आपला विख्यात ग्रंथ पूर्ण केला. त्यात मराठ्यांचा देश, कोकण व समुद्रकाठचे ठाणे यांचाही उल्लेख आहे. महमुदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट नष्ट केली, हेही त्याने लपविले नाही.

सुमारे १०४८ मध्ये गझनी येथे त्याचा अंत झाला. त्याविषयी एक आख्यायिका सांगतात. तो मृत्युशय्येवर असता एक विद्वान मित्र भेटीस आला. वारसाहक्काच्या वाटणीतील एक कूट अल्बेरूनीने त्याला विचारले. अशा वेळी ते कशाला, असे मित्राला वाटले. परंतु ते न जाणता जाण्यापेक्षा जाणून जाणे बरे, असे अल्बेरूनीचे मत पडले. मित्राने उलगडा केला व तो निघाला. वाटेतच त्याच्या कानी घरातील आक्रोश आला.

क्षितिज गाठता येत नाही हे खरे. पण उंच चढावे तसे ते विस्तारते. परक्याच्या ताब्यात आयुष्य काढूनही अल्बेरूनी शेवटच्या श्वासापर्यंत चढतच राहिला.