लुइजी पिओ तेस्सितोरी

लुइजी पिओ तेस्सितोरी (१३ डिसेंबर १८८७, उदिने, इटली – २२ नोव्हेंबर १९१९, बिकानेर) हे इटालियन भाषाशास्त्रज्ञ व प्राच्यविद्यासंशोधक होते. थरच्या वाळवंटातील हस्तलिखिते, शिलालेख, मूर्ती आणि जुन्या वस्त्यांची टेकाडे यांची पद्धतशीर नोंद करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. कालीबंगा येथील प्राचीन मुद्रा प्रथम त्यांच्याच हाती आल्या. मात्र त्यांचे महत्त्व जगासमोर येण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

== शिक्षण ==
फ्लॉरेन्स विद्यापीठात त्यांनी संस्कृत व अर्वाचीन भारतीय भाषांचे अध्ययन केले. तुलसीदासांचे रामचरितमानस व वाल्मीकींचे रामायण यांच्या तुलनेवरील प्रबंधासाठी १९१० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. जुन्या पश्चिमी राजस्थानीच्या व्याकरणावरील त्यांची लेखमाला १९१४ ते १९१६ या काळात मुंबईच्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाली. गुजराती व मारवाडी या दोन्ही भाषांचा उगम एकच असल्याचे त्यांनी या लेखमालेत दाखवून दिले. जैन हस्तलिखितांच्या अभ्यासामुळे आचार्य विजयधर्मसूरी यांच्याशी त्यांचा स्नेह जडला.

== राजपुतान्यातील सर्वेक्षण ==
जॉर्ज ग्रियर्सन यांच्या शिफारशीवरून बंगालच्या एशियाटिक सोसायटीने राजपुतान्यातील चारणी व ऐतिहासिक वाङ्मयाच्या सर्वेक्षणाचे काम त्यांच्याकडे सोपविले. एप्रिल १९१४मध्ये ते मुंबई बंदरात उतरले. प्रथम जोधपूर व नंतर बिकानेर ही त्यांची कर्मभूमी ठरली. बिकानेरात त्यांना महाराजा गंगासिंह यांचा आश्रय लाभला.

मराठी बखरींशी साम्य असलेल्या ख्याती, तसेच वंशावळी व डिंगल काव्ये चारणांच्या घरांत आणि संस्थानी दप्तरांत विखुरलेली होती. तेस्सितोरींनी त्यांच्या वर्णनात्मक सूच्या तयार केल्या आणि ‘वचनिका राठौड रतनसिंहजी री’ (१९१७) व ‘वेलि क्रिसन रुकमणी री’ (१९१९) या ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या सिद्ध केल्या. पोथीतील राजा व गाव प्रत्यक्ष भूमीवरही शोधला पाहिजे, अशी त्यांची कार्यपद्धती होती. त्यामुळे सर्वेक्षणात मंदिरे, स्मारकशिळा व शिलालेख यांचाही समावेश झाला.

== पुरातत्त्वीय कार्य ==
कोरड्या पडलेल्या घग्गर नदीच्या पात्रालगतची टेकाडे त्यांनी पाहिली. सुरतगढजवळील रंगमहल येथून त्यांनी मृण्मय शिल्पफलक जमविले. त्यांत गोवर्धनधारी कृष्णाचा फलक विशेष प्रसिद्ध आहे. पल्लू येथे त्यांना संगमरवरी जैन सरस्वतीच्या दोन मूर्ती मिळाल्या. त्यांपैकी एक आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात व दुसरी बिकानेरच्या संग्रहालयात आहे.

कालीबंगा येथे मिळालेल्या काही वस्तूंवर अपरिचित लिपीतील चिन्हे होती. त्यांविषयी त्यांनी १९१९ साली ग्रियर्सन यांना कळविले. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांना त्या वस्तू दाखवाव्यात, असा सल्ला ग्रियर्सन यांनी दिला.

== मृत्यू ==
आईच्या आजारपणामुळे १९१९ साली ते इटलीस गेले. परंतु ते पोहोचण्यापूर्वीच आईचे निधन झाले होते. परतीच्या समुद्रप्रवासात ते आजारी पडले आणि नोव्हेंबरमध्ये बिकानेरास पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, वयाच्या ३१व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. हे आजारपण तत्कालीन इन्फ्लुएन्झाच्या साथीतील असल्याचे मानले जाते. त्यांची समाधी बिकानेर येथे आहे.

== वारसा ==
मुद्रांची गोष्ट मार्शल यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. १९२४ साली मार्शल यांनी हडप्पा व मोहेंजोदडोच्या आधारे सिंधू संस्कृतीची घोषणा केली, तेव्हा कालीबंगाचा उल्लेख त्यात नव्हता. स्वातंत्र्यानंतर अमलानंद घोष यांनी हे स्थळ हडप्पा संस्कृतीचे असल्याचे ओळखले. १९६०च्या दशकात ब्रजबासी लाल व बालकृष्ण थापर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननात तटबंदीयुक्त वस्ती, अग्निकुंडे आणि हडप्पापूर्व काळातील नांगरलेले शेत उजेडात आले.

तेस्सितोरींनी जमविलेल्या वस्तू बिकानेरच्या संग्रहालयात जतन केलेल्या असून त्यांच्या कागदपत्रांचा संग्रह उदिने येथील ग्रंथालयात आहे. जेमतेम साडेपाच वर्षांच्या भारतीय वास्तव्यात झालेल्या या नोंदी राजस्थानच्या वाळवंटी प्रदेशाच्या इतिहासलेखनात आजही आधारभूत मानल्या जातात.