प्रेमचंद रायचंद आणि ट्रेंडचा जोर

ट्रेडिंग ॲपमध्ये एडीएक्स नावाचा इंडिकेटर असतो. भाव वर चाललाय की खाली, हे तो सांगत नाही. चाललेल्या ट्रेंडमध्ये जोर किती, एवढंच सांगतो. २५ च्या वर दमदार, २० च्या खाली बाजार नुसता रेंगाळतोय, असं साधारण धरतात. वेल्स वाइल्डरने तो १९७८ मध्ये मांडला. पण ट्रेंडचा जोर काय असतो ते मुंबईने त्याआधी शंभरेक वर्षं पाहिलं होतं, प्रेमचंद रायचंद यांच्या काळात.

प्रेमचंद मूळ सुरतचे, जन्म १८३१ चा. लहानपणीच वडिलांबरोबर मुंबईत आले, एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि विशीच्या आत दलालीत शिरले. इंग्रजी येणारा देशी दलाल तेव्हा दुर्मिळ, त्यामुळे साहेबांशी थेट व्यवहार. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा शेअर्समध्ये उतरला. नव्या बँका, फायनान्स कंपन्या, समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या धडाधड निघाल्या. प्रेमचंदांचं नाव जोडलं की शेअर पळायचा. बॅक बे रेक्लमेशनचा ५,००० चा शेअर ५०,००० च्या घरात गेला.

तेव्हा चार्ट असता तर एडीएक्स चांगलाच चढलेला दिसला असता. पण जोर येत कुठून होता? थोडा कापसातून, बराचसा उधारीतून. बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची आणि त्या पैशातून आणखी शेअर घेतले जायचे. आमच्या नगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात. या बँकेची तिजोरी त्याहून उघडी होती म्हणायची! एडीएक्सच्या सूत्रात फक्त उच्चांक, नीचांक आणि बंद भाव जातात. कर्ज त्यात कुठेच नसतं.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं आणि कापूस कोसळला. १ जुलैचे वायदे लोकांना पुरे करता आले नाहीत. २,८५० पर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ वर आला, पुढे बँकच गुंडाळावी लागली. प्रेमचंदही बुडाले. अशा पडझडीतही एडीएक्स चढतोच, कारण तोही ट्रेंडच. आणि सरासरीची पुन्हा सरासरी काढत असल्याने चढतो तोही उशिरा.

तेजीत त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतला टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, आईच्या नावाने: राजाबाई टॉवर. त्याआधी १८७५ मध्ये दलालांची जी संघटना उभी राहिली, म्हणजे आजचा बीएसई, तिच्या संस्थापकांतही ते होते. १९०६ मध्ये ते वारले.