रॉबर्ट ब्रूस फूट: भारतातलं जुनं अश्मयुग शोधणारा भूवैज्ञानिक

३० मे १८६३. मद्रासजवळच्या पल्लावरममध्ये जांभ्याच्या मुरमाच्या एका खड्ड्यात रॉबर्ट ब्रूस फूट यांना एक दगड सापडला. ती पुराश्मयुगातल्या माणसाने घडवलेली हातकुऱ्हाड होती. भारतात इतक्या जुन्या काळातही माणूस राहत होता, हे या शोधामुळे समोर आलं.

कोण होते फूट?

फूट यांचा जन्म १८३४ मध्ये इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा. १८५८ मध्ये ते जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात रुजू झाले. दक्षिणेतल्या खडकांचा अभ्यास करून नकाशे तयार करणं हे त्यांचं काम होतं. हत्यारं शोधणं हा काही नोकरीचा भाग नव्हता. पण १८५९ मध्ये फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यातली चकमकीची हत्यारं खरोखरच प्राचीन माणसाची असल्याचं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मान्य केलं. तेव्हापासून फूटही अशा दगडांवर नजर ठेवून होते.

हत्यार ओळखलं कसं?

मद्रास परिसरातली हत्यारं चकमकीची नव्हती, क्वार्टझाइटची होती. त्यामुळे दगडाच्या जातीपेक्षा घडण पाहावी लागायची. आपोआप फुटलेल्या गोट्याच्या कपच्या कशाही उडतात. हातकुऱ्हाडीच्या मात्र दोन्ही बाजूंनी कपच्या काढलेल्या असतात आणि त्यांच्या खुणा कडेला मिळून धार तयार होते.

तरीही एखादा दगड योगायोगाने तसा फुटला असेल, अशी शंका उरतेच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना अतिरमपक्कमला अशी अनेक हत्यारं मिळाली. एकाच पद्धतीने घडवलेले इतके दगड म्हणजे योगायोग नव्हता.

मराठी मुलखाशी संबंध

पुढे फूट यांनी बेळगाव-कोल्हापूरकडच्या प्रदेशाचीही पाहणी केली. दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये आला. मलप्रभेच्या खोऱ्यातही त्यांना दगडी हत्यारं मिळाली.

१८९१ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांचा शोध सुरूच राहिला. १९०४ मध्ये त्यांचा संग्रह मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेला. १९१२ मध्ये कलकत्त्यात त्यांचं निधन झालं.

या हत्यारांचं वय वर्षांमध्ये मोजण्याचं तंत्र मात्र त्यांच्या हयातीत नव्हतं. ते उत्तर २०११ मध्ये मिळालं. शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी अतिरमपक्कमला केलेल्या उत्खननातून तिथली सर्वांत जुनी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचं समोर आलं. फूट यांनी शोधलेलीच ती जागा होती.