मिस सिंथिया फरार

आपल्या नगर शहरांत मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या मिस सिंथिया फरार ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म १७९५ सालीं अमेरिकेंत झाला. अविवाहित स्त्रीनें परदेशीं कामास जावें, हें त्या काळीं नवल होतें. तरी अमेरिकन बोर्डाच्या वतीनें १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईस उतरल्या. तेथील मुलींच्या शाळा सांभाळून १८३९ सालीं त्या नगरास आल्या. शिकलेली मुलगी विधवा होते, असा समज तेव्हां घरोघर होता. त्यामुळें शाळेस मुली मिळविणें हेंच मोठें कठीण काम होतें. तें बाईंनीं न कंटाळतां केलें. जोतीराव फुले त्यांच्या शाळा पाहून गेले आणि १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनींही अध्यापनाचे धडे फरारबाईंजवळ घेतले, असें सांगतात.

फरारबाई १८६२ सालीं नगरांतच निवर्तल्या. सावित्रीबाई १८९७ सालीं. मताचा अधिकार दोघींसही लाभला नाहीं. अमेरिकेच्या राज्यघटनेंत तो १९२० सालीं आला. मुंबई इलाख्यांत १९२१ सालीं कांहीं स्त्रियांस मिळाला, आणि भारतांतील सर्व प्रौढ स्त्रियांस १९५० च्या राज्यघटनेनें दिला.

परंतु हक्क मागावयाचा तर आधीं तो ठाऊक व्हावा लागतो, आणि त्याची वाट शाळेंतून जाते. म्हणून मुलीची शाळा मध्येंच सोडविण्यापूर्वी पालकांनीं ह्या बाईंचें स्मरण करावें, अशी आमची नम्र विनंती आहे.